फक्त एक वायसर

जिन्याखालचा व्हॉल्व्ह गळायला लागला
तेव्हा सावद्यात पारा पंचेचाळीसवर,
नळाला पाणी कालच येऊन गेलेलं,
पुढची पाळी शुक्रवारी.
थेंब. मग थोडं थांबून थेंब.
माझा पाय पायडलवर त्याच तालात पडू लागला
आणि भिरूडबाईंच्या बाहीला सुरकुती आली.

भाऊ चिनावलला केळी करतो.
त्यानं थेंब पडावा म्हणून पैसे मोजलेत,
नळ्या, फिल्टर, वर विजेचं बिल.
फोनवर म्हणाला, तुझ्याकडं तर फुकटात ठिबक,
खाली दोन खोडं लावून टाक.
हसला. मीही हसले,
मग बादली बघितली, अर्धी भरलेली.

आधी मीच बसले.
ह्यांचा जुना पाना होता, तोंडाशी गंजलेला.
स्टँडाजवळून पाच रुपयांचं वायसर आणलं,
वीस रुपयांची पांढरी टेप.
टेप गुंडाळली अगदी नीट,
काजं करणाऱ्या हातानं, कड न सोडता,
पण उलटी.
पाना फिरवला तशी थेंबाची धार झाली,
धार भिंतीवर,
भिंतीवरून कापून ठेवलेल्या अस्तरांवर.

रुबाब तडवी आला, पिशवी हँडलला अडकवून.
उकिडवा बसला. व्हॉल्व्हवर नुसती दोन बोटं ठेवली,
डॉक्टर नाडीवर ठेवतो तशी.
"ह्याला कोणी हात लावला?"
मी गप्प.
"येण्याचे दोनशे. कामाचे तीनशे. सामान वेगळं.
अन् पाइप जुना आहे मावशी,
तुटला तर माझ्याकडं बोट नका दाखवू."

पाचशे!
"अरे भाऊ, फक्त एक वायसर तर बदलायचंय,
पाच मिनिटांचं काम,
घरचं समजून कर ना, बाप्पा."
आणि बोलता बोलता माझ्याच तोंडून
गल्लीतल्या साऱ्या बाया बोलू लागल्या:
फक्त एक टीप तर मारायचीय.
बाही जरा सैल करायची, काय मोठं.
घरचं समजून घे वो, कुमुदताई.
बावीस वर्षं घरचं समजत आले.
मानेचा मणका तेवढा
माझ्या एकटीच्या घरचा राहिला.

उरलेलं वाक्य दातानं तोडलं, दोरा तोडावा तसं.
"कर," म्हटलं.

पाच मिनिटांचं काम सव्वा तास चाललं.
आटे गेलेले. नवा व्हॉल्व्ह आणावा लागला.
जिन्याखाली तो उताणा,
गुडघे बाहेर, तोंडात टॉर्च,
कोपराची साल भिंतीला.
मध्येच म्हणाला, एखादी सुई आहे का?
मशीनची वाकलेली सुई दिली मी,
फेकायची म्हणून ठेवलेली.
तिनं त्यानं आट्यांतून काढला
माझ्या उलट्या टेपचा शेवटचा धागा.
काही बोलला नाही. वर धरून दाखवला फक्त.

निघताना पिशवी उचलली तर पट्टा तुटला,
पाना माझ्या पायाशी.
"मावशी, एवढं शिवता का? फक्त एक टीप."

मी चष्मा लावला.
"मशीनवर घ्यायचे वीस. टिपेचे तीस.
जाड दोरा लागेल, त्याचे पाच वेगळे.
अन् रेक्झिन जुनं आहे,
फाटलं तर माझ्याकडं बोट नको."

पहिल्यांदाच हसला.
"चाळीस करा."
"पंचावन्न."
हिशेब झाला: पाचशे, व्हॉल्व्हचे दोनशे दहा,
त्यातून पंचावन्न वजा.
सहाशे पंचावन्न त्यानं थुंकी लावून मोजले.
राहू द्या असं तोही म्हणाला नाही, मीही नाही.

रात्री दोनदा उठून हात लावून पाहिला.
कोरडा.

शुक्रवारी पाणी आलं, पाण्यापाठोपाठ भिरूडबाई,
बाहीची सुरकुती दाखवत.
ती चूक माझी, उसवून देते म्हटलं, पैसे नको.
फॉलचे मात्र ऐंशी.
"ऐंशी? अहो, घरचं समजून..."
मी मान वर केली नाही.
मशीनला तेल सोडत होते.
थेंब. मग थोडं थांबून
थेंब.